नाक दाबून

सुनेला नवऱ्याची किळस एका दिवसात आली नाही. हळूहळू आली, आणि एकदा आली ती जाता जाईना.

माणूस तसा बरा. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आई अंथरुणाला खिळली आणि ह्याच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. स्वप्नात जागं राहायला शिकायचं म्हणे. मोबाईलवर कुणी एक गुरुजी शिकवत होते. झोपेत 'हे स्वप्न आहे' एवढं कळलं, की उडा, पोहा, वाट्टेल ते करा. त्यासाठी दिवसा सवय लावायची. जे बघून मन दचकेल तिथं थांबायचं, नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि श्वास ओढून बघायचा. आला तर स्वप्न, नाही आला तर जाग. झालं, एवढीच विद्या.

इकडे सून सासूबाईंचे कपडे बदलायची, पाठीवरच्या जखमा पुसायची, चादरी धुवायची. त्या वासानं तिलाही मळमळायचं, खोटं कशाला बोला. पण तिनं कधी हात आखडता घेतला नाही. आणि हा दीडशहाणा दारात येऊन उभा राहायचा, नाक दाबायचा, गाल फुगवायचा आणि चालता व्हायचा. सकाळी वर सांगणार, "काल नुसता तरंगत होतो गं." तिला शिसारी यायची. घाणीची नाही, त्याच्या त्या ताज्यातवान्या तोंडाची.

मग म्हातारीनं खाणं सोडलं. कितीही पातळ करून भरवा, दोन घासांत मान फिरवायची. पोटात अन्न गेलं नाही तर जखमा भरणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रागावली, मग गयावया करून झाली. शेवटी सासूबाई पुटपुटल्या, "कमी खाल्लं की घाण कमी होते गं. पोरगं नाक धरून उभं राहतं. त्याला सोसत नाही."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला दंडाला धरून तिनं आत आणला. "सांग आईंना. नाक का दाबतोस ते आत्ताच्या आत्ता सांग."

एवढंच होय, म्हणून त्याला उलट बरंच वाटलं. खुर्ची ओढून बसला, आईचा हात हातात घेतला आणि गुरुजींची सगळी विद्या समजावून सांगितली. "वासाचं काही नाही गं आई, तुझी शप्पथ. हे स्वप्न तर नाही ना, एवढंच बघतो."

सुनेला हायसं वाटलं. तिनं वाटी घेतली, चमचा भरला.

म्हातारी लेकाकडे बघत होती. "दुकानात दाबतोस नाक?"

"नाही. तिथं कशाला?"

"जेवताना?"

"नाही गं."

"म्हणजे मला बघितलं की. आणि आला असता श्वास, तर काय केलं असतंस?"

"उडून गेलो असतो," तो म्हणाला, आणि मग त्यानं जीभ चावली.

वेळेवर एक खोटं बोलायचीही अक्कल नव्हती मेल्याला. सुनेनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं चमचा पुढे केला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.