सांभाळणारी व्यक्ती : मुलगी

"'गरजू' लिवलां तर चलात मा?" भाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावत विचारलं.

"बाबा, कागद जर्मन आणि इंग्रजीत आसा," पलीकडून रसिका म्हणाली. "तू त्येका मराठीत काय म्हणतंस, तां थंय कोणाक कळणा नाय. पंचायतीची सही आणि शिक्को होयो, बस."

"होय, पण वाचतली ती पंचायतच मा?"

रसिकाने मुदतीची तारीख पुन्हा सांगितली आणि फोन ठेवला.

ती जर्मनीत ब्रेमेनला समुद्राच्या तळातल्या गाळावर संशोधन करत होती. पगार बरा होता, पण त्यातला मोठा घास कराच्या पोटात जाई. आपलं विवरणपत्र आपणच भरायचं असं तिने यंदा पहिल्यांदा ठरवलं. प्रयोगशाळेतली एक मोरोक्कोची बाई तिला म्हणाली, मायदेशी आईवडलांना पोसत असशील तर त्यावर सवलत मिळते. मात्र या माणसाला स्वतःची कमाई नाही, तो मुलीच्या पैशावर जगतो, असं त्याच्या गावच्या कचेरीने लिहून द्यायला हवं. रसिकाने फॉर्म पाठवला. भाईंनी तो मालवणात जाऊन छापून आणला आणि पडवीतल्या कॅलेंडरमागे खोचून ठेवला.

भाई म्हणजे गुरुदास. पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं देवबागात आता कुणी उरलं नव्हतं. उभी हयात त्यांनी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काढली. कचेरी उघडायची, झाडायची, घरपट्टीच्या नोटिसा वाटायच्या, सभेला चहा द्यायचा. नोकरीला पेन्शन नव्हती. निवृत्त झाले त्याच वर्षी सुशीला, त्यांची बायको, गेली. तेव्हापासून घर रसिकाच्या पैशावर चाललं होतं. पैसे येत, भाई ते काढून आणत, वाण्याचं देत, विजेचं बिल भरत. आपण कुणाच्या जिवावर जगतो आहोत असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. घर त्यांचं होतं, मुलगी त्यांची होती.

नोकरीत असताना एक काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. निराधार योजनेसाठी म्हाताऱ्या बाया येत, त्यांचे अर्ज भाई भरून देत. तोंडाने मात्र 'निराधार' कधी म्हणत नसत. "पेन्शनीचो कागद" म्हणत. आणि चार माणसांतून सरपंचाच्या टेबलाकडे नेताना अर्ज पालथा धरत.

आठवडाभर ते रसिकाला काही ना काही सांगत राहिले. ग्रामसेविका मॅडम रजेवर आहेत. आज सभा आहे. आज लाइट नाही. शेवटी ती चिडली.

"बाबा, तू टाळतंस. मुदत सरत इली. ह्येच्यात लाज कसली? मी शिकत होतंय तेव्हा तू माका पोसलंसच मा?"

"तां येगळां."

"येगळां कसां?"

पडवीसमोरच्या खाडीत कुणाची तरी होडी वळत होती. ती किनाऱ्याला लागेपर्यंत भाई बघत राहिले. मग म्हणाले, "तू मोठी होतलंस, ह्यां माका ठावक होतां."

"मगे उद्या जातलंस?" रसिकाने विचारलं.

"उद्या जातंय," भाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते पंचायतीत गेले. बाकावर तीन-चार माणसं होती. सरपंच दीपेश आतल्या खुर्चीत बसला होता. त्याचं होमस्टे होतं, पर्यटकांना फिरवणाऱ्या दोन बोटी होत्या, आणि आवाज वाऱ्यावर बोलायची सवय असल्यासारखा मोठा होता. त्याने कागद उलटसुलट केला, काय आहे ते विचारून घेतलं आणि हसला.

"भाईनू, चेडू जर्मनीत आणि तुमी निराधार?"

बाकावरचेही हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, भाईंनाही ते कळत होतं. तेही हसले. पण कानाच्या पाळ्या तापल्या त्या तापल्याच.

ग्रामसेविका विनीता मॅडम कणकवलीकडच्या. त्यांनी कागद स्वतःसमोर ओढला. "काका, वाचल्याशिवाय मला सही करता येणार नाही. मी विचारते, तुम्ही सांगा." आणि त्या एकेक रकाना मराठीत करून मोठ्याने विचारू लागल्या.

"नोकरी, धंदा?"

"नाही."

"शेती?"

"नाही. घरामागे चार माड आहेत."

"नारळ विकता?"

"घरातच लागतात."

"मग तुमचं पोटापाण्याचं कोण बघतं?"

पंखा फिरत होता. बाकावरची कुजबुज थांबली होती, की भाईंना तसं वाटलं.

"मुलगी बघते," ते म्हणाले.

कचेरीत ते नेहमी शुद्धच बोलत, तसंच हे वाक्य निघून गेलं. गावच्या बोलीत सांगायची वेळ आली असती तर बहुधा जमलं नसतं.

विनीता मॅडमनी लिहून सही केली, खाली दीपेशने केली. पहिला शिक्का पुसट उठला म्हणून शेजारी दुसरा मारला. भाईंनी कागदाची घडी केली आणि ते बाहेर आले.

व्हरांड्यातल्या बाकावर सत्यवती बसली होती. हयातीच्या दाखल्यासाठी आली होती. तिचा पेन्शनीचा कागद खूप वर्षांपूर्वी भाईंनीच भरला होता. तिने सगळं ऐकलं असणार.

"कागद झालो?" तिने विचारलं.

"झालो."

"काय होणा नाय रे त्येना. माका इतकी वर्सां झाली, काय झाला?" तिने पिशवी मांडीवर घेतली आणि बाजूला सरकली. "बस मरे वायच."

भाई बसले. तिला आत बोलावणं आलं तेव्हा भाईंनी तिची पिशवी सांभाळली आणि ती बाहेर आल्यावर तिच्यासोबत तिच्या घराच्या वळणापर्यंत चालत गेले.

महिना-दीड महिना गेला. एका दुपारी रसिकाचा फोन आला.

"बाबा, तुझो कागद मंजूर झालो."

"बरां झाला."

"पण एक गंमत आसा." तिचा आवाज जरा अवघडला. "सवलतीचो हिशोब प्रत्येक देशाक येगळो. थंयच्या बापाशीक पुरो धरतत. आपल्या देशातल्याक पाव."

"पाव?"

"पाव हिस्सो. आपल्याकडे खर्च कमी म्हणान."

भाई हसायला लागले. इतके, की त्यांना खोकला आला.

"म्हणजे मी पाव निराधार!"

रसिकाही हसली. मग तिने हळूच विचारलं, "आणि रवलेलो?"

"तीन पाव? तो माझो मी."

"ह्यो कागद दरवर्साक लागतलो, बाबा."

"लागांदे. जाऊन येयन."

तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती. तिने फोन ठेवला.

ओहोटी लागली होती. खाडीतलं पाणी उतरून वाळूचे पट्टे उघडे पडत होते. भाईंनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, टोपली घेतली आणि ते खाली उतरले. पायाच्या अंगठ्याने चाचपत, वाकून, वाळूतून ते कालवणाच्या शिंपल्या, तिसऱ्या, एकेक करून काढत राहिले. पलीकडच्या बाया आपल्या टोपल्या भरून परत निघाल्या होत्या. त्यांतली एक थांबली.

"भाईनू, गावले काय?"

भाईंनी टोपली पाण्यात बुडवून हलवली, वाळू निथळू दिली.

"गावले," ते म्हणाले. "रातच्याक पुरतले."