वहिनींचा रकाना

कारखाना झाकणांचा होता. औषधाच्या बाटल्या, तेलाचे कॅन, मलमाच्या डब्या, जगात ज्याला ज्याला तोंड आहे त्याचं झाकण इथे बनायचं. खाली दिवसभर मशिनं खटखटायची आणि सव्वीस पायऱ्या चढून वर गेलं की ऑफिस. त्या सव्वीस पायऱ्या वहिनी बावीस वर्षं चढत होत्या. त्यातली पहिली वीस वर्षं त्यांना त्या किती आहेत हे माहीतही नव्हतं. माणूस पायऱ्या मोजायला लागला की समजावं, गुडघ्यांनी हात टेकले.

वहिनी म्हणजे मालकांच्या वहिनी. मालक त्यांचे धाकटे दीर. पण कारखान्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. मशिनवाले म्हणत, पॅकिंगच्या बायका म्हणत, माल न्यायला येणारा टेम्पोवाला म्हणे. कच्च्या मालाचे पैसे थकले म्हणून फोनवर आवाज चढवणारा व्यापारीसुद्धा "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो" अशीच सुरुवात करायचा. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

त्यांचे यजमान शाळेत भूमिती शिकवायचे. झाकणांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते अचानक गेले, आणि त्याच वर्षी कारखान्याचा हिशेबनीस दुसरीकडे चार पैसे जास्त मिळतात म्हणून निघून गेला. दीर घरी आले, खाली मान घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, माणूस मिळेपर्यंत चार दिवस बसता का?" लग्नाआधी वहिनी एका विमा कंपनीत हिशेब बघायच्या. घरात एकटीनं भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून त्या बसल्या. ते चार दिवस अजून संपायचे होते. माणूस मिळाला नाही, कारण कुणी शोधलाच नाही. कशाला शोधतील? घरचं माणूस, काम चोख आणि खर्चाला हलकं.

वर्ष संपलं की वार्षिक हिशेबाचं काम निघायचं. नफा-तोट्याचं पत्रक, ताळेबंद, त्यामागे पानंच्या पानं टिपा आणि सगळ्यात पुढे संचालकांचा अहवाल. कंपनी एवढीशी, पण कागद मागणाऱ्याला त्याचं काय? नाकापेक्षा मोती जड. अहवालाची सुरुवात ठरलेली होती, 'संचालक मंडळाला कळवण्यास आनंद होत आहे की'. मंडळ म्हणजे दीर आणि जाऊबाई. जाऊबाई वर्षातून एकदा सही करायला येत, पंख्याखालची खुर्ची मागत आणि संचालक म्हणून त्यांना मिळणारा भत्ता बाराही महिने वेळेवर जाई. आनंद मंडळाला व्हायचा, टाईप वहिनी करायच्या.

यंदा त्या थकल्या होत्या. दर वर्षी थकत, पण झोपून उठलं की तो थकवा जात असे. यंदाचा उशाशीच बसून राहायचा. दुसऱ्या शहरात राहणारी मुलगी फोनवर म्हणे, "आई, बास कर आता." बास केलं तर घराचं भाडं कोण भरणार, हे वहिनी मनातल्या मनात म्हणत. मुलीच्या डोक्यावर स्वतःच्याच घराचे हप्ते होते. तिच्याकडे हात पसरायचा नाही, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि हेही ठरवलं होतं की हे वर्ष शेवटचं. हिशेब पूर्ण करायचा आणि घरी बसायचं. कशाच्या जोरावर बसायचं, ते तेवढं ठरायचं राहिलं होतं.

त्यातच ऑडिटर बदलले. जुने ऑडिटर चहा घेत, दोन बेरजा पाहत आणि "वहिनींचं काम म्हणजे डोळे मिटून" असं म्हणत शिक्का उमटवत. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ पन्नाशीचे, कायम सर्दी झालेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आणि यांची डोळे मिटायची अजिबात तयारी नव्हती. प्रत्येक गोष्ट ते दोनदा विचारायचे. एकदा उत्तरासाठी आणि एकदा ते उत्तर तसंच येतं का ते बघण्यासाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्यालयीन खर्चाच्या खात्यावर बोट ठेवलं. दर महिन्याला एकच आकडा येतोय, म्हणाले. हा चहा नाही, झाडू नाही, छपाई नाही. मग आहे काय?

"मी," वहिनी म्हणाल्या.

ऑडिटरांनी नाक पुसलं. "तुम्ही म्हणजे?"

"म्हणजे माझे पैसे."

त्याचं असं झालं होतं. पहिल्या महिन्याच्या अखेरीस दीर म्हणाले होते, घरच्या माणसाला पगार काय म्हणायचा, वहिनी, बरं दिसत नाही, खर्चात टाका. वहिनींनाही तेव्हा ते बरं वाटलं होतं. पगार म्हटलं असतं तर नोकरी झाली असती. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःला चहा आणि झाडूच्या मध्ये टाकलं, आणि दर महिन्याला टाकत राहिल्या. मधूनमधून आकडा वाढला, पण चहाचा त्याहून भरभर वाढला.

ऑडिटरांनी शांतपणे समजावून सांगितलं. हिशेबात दोन याद्या जातात. एक संचालकांच्या नातेवाइकांची, कारण कंपनीने त्यांना काय दिलं ते टिपांमध्ये उघड करावं लागतं. दुसरी कर्मचाऱ्यांची, कारण नोकरीत ज्यांना पाच वर्षं झाली त्यांच्यासाठी कंपनीला निवृत्तीची रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. तुम्ही कुठल्या यादीत?

"पहिल्या असणार," वहिनी म्हणाल्या. यात विचारण्यासारखं काय, असंच त्यांना वाटलं.

ऑडिटरांनी पिशवीतून नियमांचा छापील कागद काढून पुढे केला. वहिनींनी वाचला. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"यात भावाची बायको नाही?"

"नाही. भाऊ आहे."

"भाऊ गेले."

ऑडिटर रुमाल शोधू लागले. "मग नियमाप्रमाणे तुम्ही यांच्या कोणी लागत नाही," ते म्हणाले. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, नियम वाचून दाखवतात तसं त्यांनी ते दाखवलं. पण वहिनींना ते जिव्हारी लागलं. ज्या घरातली म्हणून बावीस वर्षं कधी हात पुढे केला नाही, त्या घराच्या यादीत त्या नव्हत्याच.

मग दुसरी यादी, ऑडिटर म्हणाले, ती कोण करतं? ती वहिनीच करायच्या. चौदा नावं, प्रत्येकाची रुजू झाल्याची तारीख, वर्षं, रक्कम. पॅकिंगच्या एका बाईची तारीख दोन महिन्यांनी चुकली होती, तेव्हा वहिनींनी जुनी रजिस्टरं उपसून तिची रक्कम वाढवून दिली होती. आपलं नाव त्यात नाही, हे मात्र बावीस वर्षांत एकदाही डोळ्यांना दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

हे मी लेखी विचारणारच आहे, ऑडिटर म्हणाले, पण त्याआधी तुम्हीच यादी दुरुस्त केलीत तर मला विचारावं लागणार नाही. चार वाजता मी सह्या झालेले कागद न्यायला येतो.

ते गेल्यावर वहिनींनी डबा उघडला आणि तसाच मिटला. मग पाटीपेन्सिल हातात घेतल्यासारखा साधा हिशेब मांडला. बावीस वर्षं, शेवटचा महिन्याचा आकडा, नियमातलं गुणोत्तर. आलेली रक्कम काही फार मोठी नव्हती, पण ती बँकेत ठेवली आणि हात राखून खर्च केला तर भाडं निघत होतं. म्हणजे घरी बसता येत होतं. मग त्यांनी तीच रक्कम नफा-तोट्याच्या पत्रकात टाकून पाहिली. यंदाचा नफा आधीच चिमूटभर. तो संपून कंपनीला तोटा झाला. कारखाना निघाल्यापासूनचा पहिला तोटा.

यादीत पंधरावी ओळ घालताना आणखी एक अडचण आली. यादीत बँकेच्या खात्यावरचं नाव लागतं. वहिनींचं खातं विमा कंपनीच्या दिवसांतलं, त्यात त्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव होतं. ते बदलायचं राहून गेलं होतं. ते नाव लिहून इतकी वर्षं झाली होती की त्यांनी पासबुक उघडलं, आणि स्वतःचं नाव त्यात बघून बघून टाईप केलं.

तीन वाजता दीर वर आले. दमलेलेच होते. सकाळपासून एक मशिन रुसलं होतं आणि मशिनाच्या कर्जाचा हप्ता काही रुसत नव्हता. जाऊबाई थोड्या वेळापूर्वीच सही करून गेल्या होत्या, जिथे बोट ठेवलं तिथे. दिरांचीही तीच रीत. वहिनींनी पान उलटायचं, बोट ठेवायचं, त्यांनी सही करायची. बावीस वर्षांत त्यांनी एक ओळ वाचली नव्हती. "वहिनींनी केलंय म्हणजे बघायला नको," असं ते चारचौघांत सांगत. त्या एका वाक्यावर वहिनींनी पुष्कळ दिवस काढले होते, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

आताही दिरांनी पेन उघडून धरलं. नुसतं बोट ठेवलं असतं तर काम झालं असतं. तसा विचार वहिनींच्या मनात आला नाही असं नाही. पण यादीचं पान आलं तेव्हा त्यांनी त्यावर अख्खा तळहात ठेवला.

"हे वाचा, भावोजी."

"काय वाचायचं? तुम्ही केलंय ना?"

"मी केलंय म्हणूनच वाचा."

दिरांनी कुरकुरत चष्मा लावला आणि बोट एकेका नावावरून खाली सरकवत वाचू लागले. मशिनवाला, त्याचा मेहुणा, पॅकिंगच्या बायका, वॉचमन. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"ही कोण?"

वहिनींनी यादीचं पान त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

"नवी घेतली का कोणी? मला न विचारता?" मग त्यांना तारीख दिसली. "बावीस वर्षं? इतकी जुनी बाई आहे आपल्याकडे? कुठे बसते ही?"

"इथेच," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या समोर."

दिरांनी ते नाव पुन्हा वाचलं, ओठ हलवत, नवख्या गावाची वाट विचारत जावं तसं. नाव त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही, भावाच्या लग्नात ऐकलं होतं. पण त्यापुढे हे आडनाव लावून कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढे त्या नावाची गरजच पडली नव्हती. ते ओशाळले. ओशाळलेला माणूस लवकर चिडतो, तसे मग चिडलेही. त्यांनी घाईघाईने नफा-तोट्याचं पान काढलं आणि शेवटचा आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुम्हाला मी सांगायला हवं का, ते म्हणाले. हे कागद बँकेत जातात, तोटा बघितला की ते लोक दारात उभं करत नाहीत. आणि एवढंच होतं तर तोंडानं मागायचं, मी नाही म्हटलं असतं का? घरच्या माणसानं असं कागदावर यायचं?

"मागितलं असतं तर दिलं असतंत," वहिनी म्हणाल्या. "पण मग ते उपकार झाले असते, आणि त्या उपकारापोटी मी अजून चार वर्षं या पायऱ्या चढले असते. मी थकले, भावोजी. मला घरी बसायचंय आणि भाडं भरायचंय. माझं आहे तेवढंच लिहिलंय. वर एक पैसा नाही, हवं तर मोजून बघा."

"पण तुम्ही घरच्या."

वहिनींनी तो छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. दिरांनी तो वाचला. वहिनींनी केला होता तसाच उलटा करून पाहिला.

"दादा आहे यात," ते म्हणाले.

"दादा गेले."

 दिरांनी कागद पुन्हा सुलटा करून टेबलावर ठेवला. खाली रुसलेलं मशिन कुणीतरी सुरू करून पाहत होतं आणि ते पुन्हा पुन्हा बंद पडत होतं. वहिनी भांडणाच्या तयारीने बसल्या होत्या. नाही म्हणाले तर काय बोलायचं, तेही त्यांनी हिशेब मांडता मांडता मनात घोकून ठेवलं होतं. पण दिरांनी पेन उचललं आणि सही केली, यादीवर केली, नफा-तोट्यावर केली, अहवालावर केली. घाईची सही नव्हती, पूर्ण नावाची होती. बोट ठेवायची गरज पडली नाही, कारण आज प्रत्येक पान ते वाचत होते.

शेवटी त्यांनी कागदांचा गठ्ठा वहिनींकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत विचारलं, "झालं का, बाई?"

ते रागाने तसं म्हणाले, का आता काय म्हणून हाक मारायची ते खरंच त्यांना सुचलं नाही, यातलं काय खरं ते वहिनींना कळलं नाही. जे मागितलं ते मिळालं होतं.  त्यांनी कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

"झालं, साहेब," त्या म्हणाल्या. हा टोमणा नव्हता. यादीतले बाकीचे चौदा जण दिरांना हेच म्हणत.