मीटरची काच

बाबुरावांनी मीटरच्या काचेभोवती कागदी टेप चिकटवली, बोटावर टूथपेस्टचा ठिपका घेतला आणि पुन्हा गोल गोल घासायला सुरुवात केली. काच कसली, प्लॅस्टिकच ते. पण गाडीच्या मीटरवर असतं म्हणून सगळे काच म्हणतात.

शेजारच्या सीटवर त्यांची लेक अंतरा पट्टा लावून बसली होती. वय सव्वीस, पण बसणं पहिलीतल्या मुलीसारखं, हात मांडीवर आणि पाठ ताठ. आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर ती मोठ्यानं वाचत होती. आकडे वाचणं हेच तिचं बोलणं. बाकी शब्द तिच्याकडे मोजकेच.

"बाबा, चल."

"निघू हं, बाळा. एवढी काच साफ होऊ दे."

आठवडाभर हेच चाललं होतं, काच घासायची आणि गाडी जागेवरच. रोज संध्याकाळी ठाकुर्लीहून शीळफाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा अंतराचा वर्षानुवर्षांचा नेम. किलोमीटरचा शेवटचा आकडा फिरला की ती टाळी वाजवायची आणि घरी येऊन गुमान जेवून झोपायची. चक्कर चुकली की भिंतीवर डोकं आपटायची. रिक्षात बसवलं तर कानांत बोटं घालून किंचाळायची. मागे एकदा बाबुरावांना ताप होता म्हणून ड्रायव्हर बोलावला, तर तिनं स्वतःचा हात चावून रक्त काढलं. गाडी हवी ती हीच, आणि चालवायला बाबाच. आता करा काय करायचं ते!

आणि बाबांना मीटरमधले आकडे दिसत नव्हते.

"दर दसऱ्याला मीटरवर कुंकवाचं स्वस्तिक कशाला काढायचं म्हणतो मी?" ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बायकोवर खेकसले. "बॉनेट काय कमी पडतं? वर ओल्या फडक्यानं खसाखसा पुसायचं. लागले ना ओरखडे!"

"चुकलं माझं," सरस्वतीबाई म्हणाल्या. हल्ली त्या लगेच चुकलं म्हणून मोकळ्या व्हायच्या. लेकीला भिंतीपासून ओढून धरताना त्यांच्या दंडांवर वळ उठले होते. भांडायला अंगात त्राण तर हवं.

ओरखडे होते, हे खरं. पण डॉक्टर काय म्हणाले, ते बाबुरावांनी घरात सांगितलंच नव्हतं. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत, गेलेली नजर परत येणार नाही, गाडी आजपासून बंद. घरी येऊन त्यांनी 'चष्म्याचा नंबर वाढलाय' एवढंच सांगितलं आणि संध्याकाळी नेहमीसारखी गाडी काढली. शीळफाट्याच्या अलीकडे रस्त्यातला दुभाजक पार बॉनेटपाशी आल्यावर दिसला. करकचून ब्रेक लागला. अंतरा खिदळली. तिला वाटलं, बाबा खेळतोय. बाबुरावांनी मात्र परतीची सगळी वाट पहिल्या गिअरमध्येच कापली.

तेव्हापासून त्यांनी या काचेचा ध्यास घेतला. डॉक्टर झाला तरी माणूसच, चुकला असेल. धूसर आहे ती काच. काच लख्ख झाली की आकडे दिसतील, आकडे दिसले की डोळे शाबूत, आणि डोळे शाबूत तर गाडी चालू. शुद्ध वेडेपणा होता, आणि तो त्यांनाही कळत होता. पण बापानं दुसरं करावं तरी काय?

आज दुपारी त्यांनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून काचेवर फिरवला. ओरखडे निघाले, पण काच ताकासारखी पांढरी झाली. अंतराला मीटरमधले आकडे सापडेनात, तेव्हाच ती बाहेरच्या गाड्यांकडे वळली होती. मग टूथपेस्ट झाली. ती पुसून गाडीचा रंग चमकवायचं रबिंग कंपाउंड झालं. जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासून घासून मनगट भरून आलं. ते चेहरा पुढे नेत, मागे घेत, चष्मा काढत, पुन्हा लावत. जिथं नजर लावावी तिथं नेमका राखाडी डाग.

"छे! हा जात कसा नाही?"

"एक, चार, दोन, सात, सात, नऊ," अंतरा म्हणाली.

बाबुरावांनी वर पाहिलं. गाडीसमोर नुसती भिंत होती.

"कुठल्या गाडीचा गं हा नंबर?"

अंतरा पट्ट्यातून वाकली आणि तिनं मीटरवर बोट टेकवलं. "एक, चार, दोन, सात, सात, नऊ. बाबा, चल."

त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. बोटाच्या जागीही तोच डाग होता.

हातातला बनियनचा तुकडा तसाच राहिला.

"सरस्वती," शेवटी ते म्हणाले. "डाग आहे ना गं अजून?"

सरस्वतीबाईंनी खिडकीतून आत डोकं घातलं. काच लख्ख होती. काट्याखालची बारीक अक्षरंसुद्धा दिसत होती. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडेच बघून विचारत होता, पण त्याची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, कानाच्या जरा पलीकडे होती.

"आहे," त्या म्हणाल्या. "थोडा आहे. माझाच मेलीचा हात जड. आणा इकडे."

त्यांनी फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खिडकीतून वाकून ती स्वच्छ काच घासायला लागल्या. बाबुरावांनी त्यांना अडवलं नाही. हात मांडीवर ठेवून ते लेकीसारखे बसून राहिले.

अंतराला आता कशाचीच घाई नव्हती. आईचा हात बाजूला झाला की मीटरमधला शेवटचा आकडा दिसायचा. त्याच्याकडे टक लावून, टाळीसाठी दोन्ही हात तयार ठेवून ती थांबली होती.

"नऊ," ती म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "नऊ."