सासूबाईंनी वाढवलेल्या कालवडी

पाचही कालवडी अशा होत्या, की बघणाऱ्याने बघतच राहावं. अंगावर तकाकी, पाठी रुंद, आणि तोरा तर विचारूच नका. त्यांच्या भरवशावर सुनेच्या नवऱ्याने गोठ्यातल्या जुन्या गाई एकेक करून काढून टाकल्या होत्या. "या पाच व्याल्या की बघ," असं तो येईल त्याला सांगत सुटायचा. सुनेलाही ते पटलं होतं.

पहिली व्याली, दूध जेमतेम. दुसरी व्याली, पुन्हा तीच रड. तिसरीने तर वासराच्या तोंडापुरतंच दिलं म्हणायचं. नवऱ्याने पेंड बदलली, हिरवा चारा वाढवला, काही म्हणता काही फरक नाही. उरल्या दोन. त्यांनीही पाठ फिरवली तर गोठ्याला टाळं, आणि या माणसाला पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली राबायला जावं लागणार. हे घरात कुणी बोलत नव्हतं. सगळे ताटात बघून जेवायचे आणि उठायचे.

गुरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. आजार काही निघाला नाही. निघताना त्या सुनेला म्हणाल्या, "लहानपणी काय पाजत होता यांना? पहिल्या दोन महिन्यांत पोटात नीट दूध गेलं नसेल, तर पुढे चाऱ्याचे ढीग घालून ती कसर भरून निघणं अवघड."

ते सासूबाईंना माहीत. वासरं त्यांच्या ताब्यात. तिथे त्या पोटच्या पोरालाही फिरकू द्यायच्या नाहीत, मग सुनेची काय कथा. विचारल्यावर त्या हसल्याच.

"अगं, पोटं टम्म असायची त्यांची. आणि तू या घरात आल्यापासून माझ्या हातून एकही दगावलेलं नाही. त्या बाईला म्हणावं, आधी एक तरी वासरू वाढवून दाखव."

हे मात्र खरं होतं. सुनेचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झाडू शोधत वासरांच्या खोलीत गेली. सासूबाई तिसरीच्या पाडीला पाजायच्या तयारीत होत्या. बादलीत दूध होतं. त्यांनी चुलीवरचं पातेलं उचललं आणि कोमट पाणी ओतायला लागल्या. ओतत राहिल्या. दूध निळसर दिसायला लागलं, तेव्हा कुठे थांबल्या, आणि कोपर बुडवून ऊब बघितली.

"पाणी कशाला, आई?"

"मग काय नुसतं दूध पाजू? तू या घरात यायच्या आधी एक गेलं हगवणीने. माझ्या मांडीवर डोकं टाकून गेलं गं. तेव्हापासून कानाला खडा लावला. अर्धं दूध, अर्धं पाणी."

"त्या पाचही जणींना असंच?"

"सगळ्यांना. माझ्याकडे दुजाभाव नाही."

पाडीने बादली रिकामी केली. पोट टम्म झालं. तरी ती रिकामी बादली ढुसण्या देत फरशीवर ढकलत राहिली. "खादाड कुठली," म्हणत सासूबाईंनी तिला कुरवाळलं.

तेवढ्यात गोठ्यातून नवऱ्याची हाक आली. चौथी व्याली होती. दोघी धावल्या. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसत होता.

"ही भरून काढेल बघ सगळं," तो म्हणाला.

सासूबाई नव्या पाडीजवळ बसल्या आणि तिचं ओलं तोंड पदराने पुसायला लागल्या. "हिलाही मीच मोठी करणार. आण गं ती बादली."

सून जागची हलली नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला भडभडून आलं. आत्ता गप्प बसावं, निदान आजचा दिवस त्याचा आनंदात जाऊ द्यावा, असं फार वाटलं. पण समोर पाडी उठायला धडपडत होती.

"हिला नुसतं दूध पाजायचं, आई," ती म्हणाली, आणि मग बाकीचंही तिने सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, पातेल्यात काय होतं, सगळं.

नवरा आधी हसला. मग त्याने चौथीच्या कासेखाली हात घातला आणि कास चाचपून बघितली.

"पाचवीलाही पाणीच?" त्याने आईला विचारलं.

सासूबाईंचा पदर पाडीच्या तोंडावरच होता. "ती तर सगळ्यात अशक्त होती रे," त्या म्हणाल्या. "तिला मी जरा जास्तच घालायचे."