पोळ्याला सुटलेला सर्व्हर

आमच्या देविदासदादाचं मला काही कळत न्हाई. माणूस इंजिनिअर, वेबसाइटी सांभाळायचं नांदेडातलं हापिस त्याचं, अन् सर्व्हरला नावं काय दिली, तर घरच्या बैलांची. चांद्या अन् ढवळ्या. मशिनी मुंबईत, आम्ही हितं, अन् मी दिवसभर कन्सोलवर, म्हंजी कारभाराच्या स्क्रीनवर, बघून राहते की चांद्यावर किती लोड, ढवळ्यावर किती. वेबसाइटवर येणारी माणसं दोघांत सारखी वाटायची, कुणावर जास्त भार पडू द्यायचा न्हाई, एवढंच काम हाय माझं.

पोळ्याच्या दिवशी दादा हिमायतनगरकडं गावी गेलता. मी हापिसात एकटीच, कारण लातूरच्या मृत्युंजय सरांच्या क्लासची ऑनलाइन सराव परीक्षा होती. त्यांच्या क्लासला पोळा काय अन् दिवाळी काय, सुट्टी ठाऊकच न्हाई. ही परीक्षा न अडकता पार पडली तर वर्षभराचं काम आम्हाला. न्हाई तर दादा नांदेडचं हापिस बंद करणार अन् मला पुण्याच्या हापिसात धाडणार. पुण्याशी माझं वैर न्हाई. पण नायगावला माय एकटी हाय, अन् मी रोज एसटीनं तिच्याकडं जाते. तिला सोडून मला कुठंच जायचं नव्हतं, सरळ सांगते.

परीक्षा सुरू झाली अन् कन्सोलवर ढवळ्या पिवळा झाला, मग लाल. चांद्या मात्र हिरवागार, लोड शून्य. मला वाटलं, बंद पडला. पण न्हाई, चांगला धडधाकट होता, कुणीतरी त्याला वाटणीतून बाहेर काढलं होतं. कुणी काढलं ते बघितलं, तर देविदास. माझं डोकंच सणकलं.

फोन लावला. “दादा, चांद्याला बाहेर का काढलं?”

“अगं, आईनं माझ्या मोबाईलवर चांद्याचं नाव बघितलं,” दादा हळूच म्हणला. “म्हणली, पोळ्याच्या दिवशी चांद्या राबून राहिला? आधी जू काढ त्याचं. मग काढलं. म्हणलं, पोळ्याला कोण परीक्षा देतंय.”

“अख्खा क्लास देऊन राहिलाय. मी परत जोडते. तुमच्या मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा.”

कन्सोलवर काही बदलायचं म्हणलं की मालकाच्या मोबाईलवर नंबर येतो, तो टाकल्याबिगर काम होत न्हाई. पण तोवर फोन दादाच्या आईच्या, सुभद्राकाकूंच्या हातात गेलता.

“राजकन्या, परत जुंपायचं न्हाई. हितं चांद्याच्या शिंगाला बेगड लावलीय, पुरणपोळीचा घास दिलाय, अन् तिकडं त्याच्या नावानं राबवता व्हय?”

“काकू, ते मशीन हाय.”

“मग मशीनचं नाव मशीनवाणी ठिवायचं की.”

मला तर ते पटलंच, पण पटून फायदा काय, तिकडं ढवळ्याला धाप लागलेली. मी घाईत बोलून गेले, “काकू, सगळा भार एकट्या ढवळ्यावर पडलाय. मरंल तो.”

“म्हंजी ढवळ्या अजून जुंपलेलाच हाय?” असं म्हणून काकूंनी दादाला असं झापलं की मला फोन जरा लांब धरावा लागला. ढवळ्याला बी सोड म्हणल्या, अन् आत्ताच सोड.

ढवळ्या सुटला की साइट गेली, सर गेले, अन् मी पुण्याला. मला रडू यायला लागलं, अन् रडू आलं की मला राग येतो. त्या रागातच विचारलं, “काकू, पोळ्याच्या दिवशी तुमच्याकडं ट्रॅक्टर चालतो का न्हाई?”

“चालतो की. ट्रॅक्टरला कसला पोळा?”

“मग मी दोन ट्रॅक्टर भाड्यानं आणते. ते कामाला लागले की ढवळ्याला सोडते. पण नंबर तेवढा सांगा.”

“भाड्याचे चालतील,” काकू म्हणल्या, अन् एकेक आकडा स्वतः वाचून सांगितला.

असे भाड्याचे सर्व्हर घडीभरात मिळतात. मी दोन घेतले, नावं दिली ट्रॅक्टर एक अन् ट्रॅक्टर दोन, अन् येणारी पोरं तिकडं वळवली. ढवळ्या लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. त्याच्याकडची पोरं संपली तसं त्याला अलगद सोडलं. काकूंना फोन करून कळवलं, तर म्हणल्या, “काल त्याचे खांदे हळद-तुपानं मळलेत का?” मळलेत म्हणलं. वाद कशाला वाढवा.

परीक्षा संपली अन् मृत्युंजय सरांचा फोन आला. मधे जरा वेळ पान हळू उघडत होतं, ते त्यांनी बरोबर पकडलं होतं. काय झालं म्हणून विचारलं. खोटं बोलावं वाटलं, पण जीभ वळली न्हाई. सगळं सांगून टाकलं, पोळ्यासकट.

“आमच्या गावाकडं बी आज पोळा हाय,” सर म्हणले. “मी बी तिकडं जायला पाहिजे होतं.” मग म्हणले, “काम तुमच्याकडंच राहू द्या. तेवढी सर्व्हरची नावं बदला.”

मी लगेच मायला फोन लावला. “माय, मी पुण्याला जात न्हाई.”

इतके दिवस तोंड वर करून सांगायची, जा गं, माझं काय अडतंय. आता म्हणली, “मी तर तुझी बॅग बी भरून ठिवलीती. माझी चादर बी घातली त्यात तुझ्यासाठी.”

“मग काढ बाहेर.”

“काढून राहिले,” ती म्हणली, अन् फोनवर मला बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.