साळूबाईच्या हातांची बाधा

मुकुंदवाडी स्टेशनामागं सांडू महाराजांचं पत्र्याचं शेड आहे. दर गुरुवारी सकाळी नऊला तिथं चपलांचा ढीग पडतो. त्या गुरुवारी मीही माझी पिठाची गिरणी बंद ठेवून गेलो होतो, कारण आमच्या गल्लीतल्या कडूबाच्या आईला, साळूबाईला, तिथं आणून बसवलं होतं.

महाराजांनी तिच्यावरून सात वेळा लिंबू उतरवलं आणि सुरीनं कापलं. लालभडक रस ओघळला.

"रगत!" बायका किंचाळल्या.

"रगत नाय माउली, बाधा हाय," महाराज म्हणाले. "हिचं मेमरी कार्डच भुतानं काढून नेलंय. हातांना सिग्नल कुठून मिळंल? आता मीच वरून कनेक्शन देतो."

डोळे मिटून त्यांनी कनेक्शन जोडलं आणि साळूबाईच्या हाती चहाचा कप दिला. तीन दिवस कपाकडं नुसती बघत बसणारी साळूबाई तो चहा आपल्या हातानं प्याली. शेड टाळ्यांनी दणाणलं. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या.

साळूबाई मूळची पिशोरची, पंचाहत्तरीची. तीन वर्षांपासून विसरत होती. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं होतं. आज वार कोणता, हे ती दिवसातून दहा वेळा विचारायची. पण हात शाबूत होते. आंघोळ स्वतः करायची, नऊवारी स्वतः नेसायची, भाकरी थापायची. पीठ जाडं पडलं म्हणून माझ्याशी भांडायची, आणि भांडण विसरून दुसऱ्या दिवशी तेच भांडायची. रविवारपर्यंत हे सगळं चालू होतं. सोमवारी सकाळी ती लुगडं हातात धरून उभी राहिली आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना. भाकरीचा तुकडा तिनं कानाला लावला. रिकाम्या कोपऱ्याकडं बघून कुणाशी तरी बोलायला लागली.

एवढं एका दिवसात झालं म्हटल्यावर गल्लीनं निदान केलं: बाहेरचं!

महाराज पैशाला हात लावत नसत. भक्तांनी आणलेला कूलर मात्र त्यांनी स्वतःच्या अंगावर वारा येईल असा लावून घेतला होता. त्या वाऱ्यात बसून त्यांनी उपाय सांगितला: जिभेवर अंगारा आणि सात दिवस पाणी बंद. "बाधा पाण्यातनं शिरती. नळच बंद केला की भूत उपाशी मरतं."

संध्याकाळी साळूबाईला पुन्हा कप ओळखू येईना. कडूबा धावत शेडात गेला.

"कुणीतरी चोरून पाणी पाजतंय," महाराज म्हणाले. "रेंज जाणारच."

पाजत होती ती कडूबाची बायको, द्वारकाबाई. तिनं लपवलं नाही. "व्हय, मी पाजलं. आत्याबाईंचे ओठ चिरलेत."

"माय बरी व्हावी असं वाटत नाय का तुला?" कडूबा ओरडला. शुक्रवारी कंपनीत रजा टाकून तो आईच्या उशाशी राखणीला बसला. दुष्टपणानं नव्हे. आपली आई परत मिळेल, या आशेनंच त्यानं तिचं पाणी तोडलं.

शनिवारी साळूबाई उठेना. तेव्हा द्वारकाबाईनं नवऱ्याला न विचारता आबेदाआपाला बोलावून आणलं. आपा मागच्या गल्लीत राहते. तीस वर्षं नर्स होती.

आपानं भुताची चौकशीच केली नाही. जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि विचारलं, "लघवीला किती वेळा गेली?"

"सोमवारपासून लुगडं सारखं ओलं व्हत व्हतं. आग व्हती म्हणायच्या. कालपासून लई थोडी व्हती, गडद. वास मारती."

"और तुम लोगां पानी बंद करे?"

"आपा, महाराज म्हणले..." कडूबा पुटपुटला.

"महाराज कू मैं बाद में देखती. पहले रिक्षा बुला."

दवाखान्यात कळलं, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होता आणि पाण्यावाचून शरीर सुकलं होतं. लगेच सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली.

"स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माणूस दोन दिवसांत कपडे घालायचं, खायचं विसरला, तर आणखी काहीतरी बिघडलंय असं समजायचं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, साफ न होणारं पोट, नवीन गोळी, कमी पाणी. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. आधी डोकंच गोंधळतं."

"पण गुरुवारी माय आपल्या हातानं चहा प्याली," कडूबा म्हणाला.

"हा गोंधळ दिवसभरात कमीजास्त होतो. पुष्कळदा सकाळी बरं असतं, संध्याकाळी वाढतं. महाराज दरबार कधी भरवतात?"

"सकाळी नऊला."

आपा तोंडाला पदर लावून हसली. कडूबा हसला नाही.

सहाव्या दिवशी साळूबाईनं लुगडं मागून घेतलं आणि नेसली. निऱ्या थोड्या वाकड्या पडल्या. मग तिनं वार कोणता ते विचारलं, आणि पुन्हा विचारलं. तो आजार आहेच, तो कुणी नेला नाही. पण तिचे हात तिला परत मिळाले.

त्यानंतरच्या गुरुवारी आपा शेडात गेली. सोबत कडूबा आणि मी.

"महाराज, लिंबू इस छुरी से काटो," म्हणत तिनं घरची सुरी पुढं केली.

"ही सुरी सिद्ध नाय."

"मग मीच कापते." तिनं लिंबू कापलं. साधा रस निघाला. मग महाराजांची सुरी उचलून दुसरं लिंबू कापलं. लालभडक!

"जास्वंदीचा रस पात्याला लावून सुकवायचा," आपा गर्दीकडं वळून म्हणाली. "लिंबाची आंबट धार लागली की लाल होतो. घरी जाऊन करून बघा. त्याला भूत लागत नाही."

महाराज म्हणाले, बाईनं शेड बाटवलं. दोघंतिघं त्यांच्या बाजूनं उठलेही. तेवढ्यात कडूबा पुढं आला. एरवी चारचौघांत न बोलणारा माणूस. तो लोकांना सांगायला लागला.

"ह्यांनी पाणी तोडा म्हणलं. पण तोडलं मी. माझी माय 'पाणी, पाणी' म्हणत व्हती आन् मी राखणीला बसलो. भूत बोलतंय असं मला वाटलं. बोलत व्हती ती मायच. तुमच्या घरात कुणी म्हातारं एकाएकी बदललं, तर इथं येऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आन् तहान लागली म्हणलं, तर आधी पाणी द्या."