पाठीला पाठ

मी एक खुर्ची. पण मला पाय नाहीत. दोन पट्टे आहेत, ते खांद्यांना अडकवून कुणी पाठीवर घेतलं तरच मी जागची हलते.

मला घडवलं एका बापाने. बसगाड्यांच्या सीट शिवणं हे त्याचं काम. मोडीत निघालेल्या सीटचा पाइप, जाड कॅनव्हास आणि फोमचा एक तुकडा घेऊन तो जेवणाच्या सुट्टीत मला शिवत बसायचा. सोबतचे कारागीर चेष्टा करायचे, "एवढीशी सीट! बस कुठली आहे हो ही?"

"आहे एक," तो दोरा दाताने तोडत म्हणायचा. "हॉर्न फार वाजवते."

ती त्याची मुलगी, भिंगरी. तिच्या पायांत जोर नव्हता आणि वर्षागणिक तो आणखी कमीच होत होता. जीभ मात्र भिंगरीसारखी गरगर फिरायची, म्हणून आईने हे नाव ठेवलेलं. शहराबाहेर डोंगरांचं राष्ट्रीय उद्यान होतं. तिथे फाटकापासून थोड्या अंतरापर्यंत फळ्यांचा सपाट रस्ता होता. चाकांची खुर्ची तिथवर जायची, पुढे नुसते दगड आणि चढ. फळ्या संपतात तिथे 'प्राण्यांना खायला घालू नका' अशी पाटी होती. भिंगरी एकदा म्हणाली, "बाबा, ही पाटी मला पाठ झाली. पुढची कधी वाचायची?" त्याच आठवड्यात त्याने माझ्यासाठी कॅनव्हास कापला.

माझ्यावर तिची बसण्याची तऱ्हा उलटी होती. त्याच्या पाठीला तिची पाठ, आणि मध्ये मी. त्यामुळे चढताना त्याला डोंगर दिसायचा आणि तिला दरी. मग ती मागच्या बातम्या द्यायची. "बाबा, कडेला व्हा, दोन काठीवाले घाईत येतायत." "बाबा, एक काका शर्ट काढून बसलेत. बघू नका, बघण्यासारखं काही नाही." तो हसला की त्याची पाठ हलायची, तिच्याबरोबर मीही हलायचे. त्याच्या पाठीचा घाम आणि तिच्या पाठीची ऊब, दोन्ही माझ्यातच मुरायचं.

पहिल्या वर्षी आम्ही ओढ्यावरच्या पुलापर्यंत गेलो, मग तळ्यापर्यंत. पण तिला हवी होती खिंड. तिथून डोंगरांची पलीकडची बाजू दिसते, असं तिने ऐकलं होतं. "आपल्या बाजूचे डोंगर खिडकीतूनही दिसतात," ती म्हणायची. "मला त्यांची पाठ बघायचीय."

तिसऱ्या वर्षी आकाश निवळलेलं बघून आम्ही खिंडीकडे निघालो. तळं मागे पडलं. पुढे सुट्या दगडांचा चढ लागला. एका दगडावरून त्याचा पाय सटकला, गुडघा खाली टेकला. तो उठला, काहीच झालं नाही असं दाखवत चालू लागला. पण त्याचं काळीज धडधडत होतं. ते मला कळत होतं, म्हणजे तिलाही कळत होतं. भिंगरीच्या मागच्या बातम्या बंद झाल्या.

मग ती म्हणाली, "बाबा, मला थंडी वाजतेय. परत जाऊ या."

"अगं, खिंड समोर आहे! जॅकेट घाल."

"घातलंय. तरी वाजतेय. चला ना."

तिचा तळहात माझ्या कडेवर टेकलेला होता. तो गरम होता, घामाने ओला होता. थंडीबिंडी काही नव्हती.

तो वळला. उतरताना आता खिंड तिच्या समोर होती. झाडांनी झाकेपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली आणि तिची आसवं माझ्या कॅनव्हासवर गळत राहिली.

"झोपलीस का गं?" त्याने विचारलं.

"हो."

"झोपलेलं माणूस हो म्हणतं?"

"मी म्हणते." आवाज अगदी नेहमीसारखा. "पुढच्या वर्षी जाऊ, बाबा."

हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती घरी आलीच नाही.

मी कपाटाच्या बाजूला भिंतीला टेकून होते. त्या घरात इतकी शांतता झाली की नळ बंद केल्याचाही आवाज यायचा. एका दुपारी त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "मीच नेलं तिला थंडीत."

"डॉक्टर म्हणाले ना, त्याचा काही संबंध नाही," तिची आई म्हणाली. "छाती आधीपासून कमकुवत होती."

"डॉक्टर नव्हते तिथे. ती सांगत होती मला, थंडी वाजतेय म्हणून. आणि मी म्हटलं, जॅकेट घाल."

आई उठून त्याच्यापाशी बसली. खरं काय ते माझ्याजवळ होतं, आणि मला तोंड नाही. अहो, ती तुमचं काळीज ऐकून परतली, एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी मी माझ्या सगळ्या टाक्यांनिशी ताणले गेले, पण कॅनव्हास कितीही ताणला तरी तो बोलत नाही.

पुढे त्याने मला उद्यानाच्या फाटकावर नेऊन दिलं. तिथल्या वनरक्षक बाईंना म्हणाला, "कुणाला लागली तर द्या." नेमका एक तरुण आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन तिथे उभा होता. भिंगरीच्या बापाने खाली बसून त्या आजीला माझ्यावर बसवलं, पट्टे बांधले, कुठे काचतंय का विचारलं.

"तुम्हीही या ना बरोबर," तो तरुण म्हणाला.

"नको. माझी बस जाईल."

तो बसकडे गेला. मी दुसऱ्या पाठीवर होते, वळून बघणं माझ्या हातात नव्हतं.

आता मी फाटकावरच असते. आजी येतात, लेकरं येतात. फोम दबलाय, एक शिवण उसवलीय. फार दिवस टिकेन असं नाही. म्हणून जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या पाठीवर बसलेलं माणूस "परत जाऊ या" म्हणालं, तर नुसता आवाज ऐकून वळू नका. त्याला खाली उतरवा, आपल्या समोर बसवा, त्याचं तोंड बघा. आणि मग विचारा.